कार्ल्याचं शैलघर : वैजयंतीच्या शेठाने पुरं केलेलं काम

या मालिकेतल्या आजच्या व्याख्यानात आपण कार्ल्याच्या चैत्यगृहात जाणार आहोत.

सुरुवातीलाच सांगतो, मी पुरातत्त्वाचा अभ्यासक नाही. साधा पदवीधर, आणि सैन्याच्या इंजिनिअर कोअरमध्ये उमेद घालवलेला माणूस. पूल उभारायचे, रस्ते काढायचे, सुरुंग पेरायचे आणि दुसऱ्यांनी पेरलेले काढायचे, हे आमचं काम. त्यामुळे कुठलीही जुनी वास्तू पाहिली की माझ्या मनात ठरलेले प्रश्न येतात. हीच जागा का निवडली? काम कसं केलं? पैसा आणि माणसं कुठून आली? आणि एवढं सगळं करून या लोकांना सांगायचं काय होतं? आज याच क्रमाने जाऊ.

आणि बंगळूरला बसून कार्ल्याबद्दल का बोलायचं, असं कुणाला वाटलं असेल, तर त्याचं उत्तर त्या लेण्याच्या दर्शनी भिंतीवरच कोरलेलं आहे. तिथे पोचलो की सांगतो.

जागा

पुण्याहून मुंबईकडे निघालात की साठेक किलोमीटरवर, लोणावळ्याच्या अलीकडे, उजव्या हाताच्या डोंगरात कार्ल्याची लेणी आहेत. पायथ्याचं गाव वेहेरगाव. या नावात ‘विहार’ दडला आहे असं म्हणतात. शिलालेखांत या जागेचं नाव येतं ‘वलुरक’, आणि आसपासच्या मुलुखाचं ‘मामाल’. मामाल म्हणजे आपलं मावळ. दोन हजार वर्षांत नाव किती कमी झिजलं, पाहा.

भिक्षूंनी ध्यानासाठी एकांत शोधला आणि डोंगरात जाऊन राहिले, असं आपण ऐकत आलो आहोत. नकाशा पुढे घ्या आणि पाहा, हे अर्धंच खरं आहे. कल्याण, सोपारा, चौल ही तेव्हाची बंदरं. तिथे उतरलेला माल देशावर न्यायचा तर सह्याद्री चढायला हवा, आणि त्यासाठीच्या मोजक्या वाटांपैकी एक म्हणजे बोरघाट. घाट चढून आलं की हे खोरं लागतं. कार्ले एका अंगाला, भाजे समोरच्या अंगाला, बेडसे थोडं पुढे. १८६३ मध्ये आगगाडीही याच घाटातून वर आली आणि आजचा द्रुतगती मार्गही इथूनच जातो. लष्करी भाषेत सांगायचं तर घाटमाथ्यावरची ही मोक्याची जागा आहे. वाटेपासून हाकेच्या अंतरावर, पण वाटेच्या गोंगाटाच्या वर. दमलेल्या तांड्याला वर चढून येता येईल आणि भिक्षूला खाली उतरून भिक्षा मागता येईल, एवढंच अंतर. ज्याने ही जागा निवडली, त्याला जमीन वाचता येत होती.

खडक

आता काम कसं केलं ते पाहू. कार्ले बांधलेलं नाही, कोरलेलं आहे. इमारतीत आपण वस्तू आणून रचतो. इथे डोंगरातून नको तेवढं काढून टाकलं, आणि उरलं ते चैत्यगृह.

हे सभागृह साधारण १२४ फूट लांब, ४५ फूट रुंद आणि जवळजवळ तेवढंच उंच आहे. भारतातल्या कोरीव चैत्यगृहांत हे सगळ्यात मोठं मानतात. मी एकदा वहीत ढोबळ हिशेब मांडला. कमानीची गोलाई, बाजूच्या वाटांची कमी उंची, खांब आणि स्तूप वजा केले, तरी दीड लाख घनफुटांच्या आसपास दगड बाहेर काढला असणार. आपला सह्याद्रीचा बसाल्ट घनफुटाला ऐंशी किलोच्या घरात भरतो. म्हणजे बारा हजार टन. आजच्या दहाटनी ट्रकच्या बाराशे खेपा. आणि हा दगड स्फोटकांनी उडवलेला नाही, छिन्नी-हातोड्याने एकेक कपची काढून बाहेर टाकलेला आहे.

अपुरी राहिलेली लेणी पाहिली की पद्धत कळते. काम वरून खाली जायचं. आधी छत कोरून पुरं करायचं, मग खाली उतरायचं. पायाखाली अजून न फोडलेला खडक असतोच, त्यामुळे पराती बांधाव्या लागत नाहीत. दर्शनी भागातली मोठी कमान लवकर खुली केली की उजेड येतो, हवा येते आणि राडारोडा बाहेर टाकायला तोंड मिळतं.

पण या पद्धतीत एक जोखीम आहे, आणि ती आम्हा इंजिनिअर मंडळींना लगेच जाणवते. बांधकामात वीट वाकडी लागली तर काढता येते. इथे खांबाचा कोपरा उडाला तर उडाला, तो परत चिकटवता येत नाही. छतावर पहिली छिन्नी मारताना खाली पंचेचाळीस फुटांवर खांबाचा तळ कुठे यायचा, हे ठरलेलं असायला हवं. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांब एका ओळीत उतरले आहेत. ही शिस्त एका पिढीत येत नाही.

लाकडाची आठवण

आत जाऊन वर पाहिलंत की कमानदार छताला लाकडी फासळ्या दिसतात. सागाच्या. मुळातल्या. दोन हजार वर्षांचं लाकूड, आपल्या मावळातल्या पावसात! आधी विश्वासच बसत नाही.

आता इंजिनिअर म्हणून पाहिलं तर या फासळ्या निरुपयोगी आहेत. अखंड डोंगराच्या छताला कसला आधार द्यायचा? त्या काढल्या तरी एक खडाही खाली येणार नाही. मग बसवल्या का?

कारण त्याआधीची सभागृहं लाकडाची होती. वाकवलेल्या फासळ्यांवर कमानी छप्पर, आत खांबांच्या दोन ओळी, टोकाला अर्धगोल. ही लाकडी घरं काळाच्या ओघात गेली, पण दगडाने त्यांचा आकार जपला. समोरच्या भाज्याचं चैत्यगृह कार्ल्याहून जुनं, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराचं. तिथले खांब आतल्या बाजूला किंचित कललेले आहेत. लाकडी इमारतीत छपराचा रेटा बाहेर असतो म्हणून खांब आत कलता ठेवतात. खडकात रेटा नाही, तरी सवय सुटलेली नाही. कार्ल्यात येईपर्यंत खांब ताठ उभे राहिले. दगडाला आपण दगड आहोत हे उमगलं, म्हणा. पण फासळ्या मात्र राहिल्या.

मला यात नुसती जुन्याची नक्कल दिसत नाही. लाकूड कुजतं, हे बौद्ध भिक्षूपेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार? जे टिकत नाही त्याचा आकार टिकणाऱ्या दगडात ठेवायचा आणि त्यावर पुन्हा लाकूडच बसवायचं. याचा अर्थ ज्याने त्याने लावावा.

इथे आपल्या कर्नाटकातलं उदाहरण आठवतं. कलबुर्गी जिल्ह्यात भीमेच्या काठी सन्नती आहे, त्याच्याजवळ कनगनहळ्ळी. तिथे १९९० च्या दशकात उत्खनन झालं आणि मोठा स्तूप उजेडात आला. सम्राट अशोकाचं नाव कोरलेलं त्याचं शिल्प तिथलंच. पण तो स्तूप रचलेला होता, त्यामुळे सापडला तो विखुरलेल्या शिळांच्या रूपात. कार्ल्याला मोडायला सांधाच नाही.

आत शिरताना

आता सावकाश आत जाऊ. प्रतीकं कोड्यासारखी सोडवत बसू नका. चालत गेलं की ती आपोआप कळत जातात.

अंगणात डाव्या हाताला सोळा पैलूंचा उंच स्तंभ आहे, त्यावर चार सिंह. बुद्धाला शाक्यसिंह म्हणत, त्याच्या उपदेशाला सिंहनाद. हा स्तंभ अग्निमित्रणक नावाच्या एका महारठीने दिला, असं त्यावर कोरलेलं आहे. उजवीकडेही असाच स्तंभ असावा, असं मानतात. तिथे आज एकवीरा आईचं देऊळ आहे. कोळी, आगरी, कायस्थ प्रभू अशा कितीतरी कुळांची ही देवी. चैत्रात आणि नवरात्रात पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते. म्हणजे या डोंगरावरची वहिवाट थांबलेली नाही, हे लक्षात घ्या.

पुढे ओसरी. तिच्या दोन्ही टोकांच्या भिंतींवर तळाशी हत्ती आहेत, आणि त्यांच्या पाठीवर मजल्यांमागून मजले चढलेली इमारत कोरली आहे. जणू सगळा डोलारा हत्तींनी तोलला आहे. दरवाजांच्या बाजूला स्त्री-पुरुषांच्या भरदार जोड्या आहेत. संन्याशांच्या दारात जोडपी कशाला, असा प्रश्न पडतो. कारण हे दार एकट्या संन्याशांचं नव्हतं. बाहेर संसार आहे, समृद्धी आहे. त्याला नावं न ठेवता त्यातूनच आत या, असं ही ओसरी सांगते, असं मला वाटतं. या जोड्यांच्या मधे बुद्धमूर्तीही दिसतील, पण त्या काही शतकांनंतरच्या आहेत. मूळ योजनेत बुद्धाची मूर्ती नाही.

दरवाजे तीन. मधला थेट सभागृहात नेतो, बाजूचे दोन खांबांमागच्या अरुंद वाटांत. डाव्या दाराने आत जायचं, स्तूपाला उजवी घालून मागून वळायचं आणि उजव्या दाराने बाहेर यायचं. प्रदक्षिणेसाठी आखलेला हा मार्ग आहे.

वरची भव्य कमान म्हणजे चैत्यगवाक्ष. कुणाला ती पिंपळपानासारखी दिसते, कुणाला घोड्याच्या नालेसारखी. सगळा उजेड तिथूनच येतो. बाजूच्या वाटा अंधारात राहतात, आणि मधोमध, टोकाला, उजेड स्तूपावर पडतो. वीज नाही, आरसे नाहीत. फक्त भोक कुठे ठेवायचं आणि केवढं, याचा अचूक निर्णय.

खांब पाहा. तळाशी पायऱ्यांवर ठेवलेला घट, त्यातून वर आलेला अष्टकोनी खांब, वर उलट्या कमळासारखं घंटाकृती शीर्ष, आणि त्यावर गुडघे टेकलेले हत्ती. त्यांच्यावर स्त्री-पुरुष बसलेले आहेत. मागच्या अंधाऱ्या बाजूला घोडे आणि स्वार. जणू दोन्ही बाजूंनी मिरवणूक आली आणि स्तूपासमोर हत्ती बसते झाले. घट म्हणजे पाणी आणि भरलेपण. कमळ म्हणजे चिखलातून वर येणं. हे आपल्या घरातल्या कलशपूजेपर्यंत ओळखीचं आहे, वेगळं समजवावं लागत नाही.

आणि स्तूप. खाली दोन टप्प्यांचं गोल जोतं, त्यावर कठड्याची नक्षी. वर अर्धगोल अंड. त्यावर चौकोनी हर्मिका, उलट्या पायऱ्यांसारखी रुंदावत गेलेली. आणि सगळ्यात वर लाकडी छत्र, तेही प्राचीनच. छत्र हा राजाचा मान. इथे ते कुणा राजाच्या डोक्यावर नाही. जो गेला, ज्याचं रूपही दाखवलेलं नाही, त्याच्यावर धरलेलं आहे. समोर बघायला चेहरा नाही, म्हणून भोवती चालावं लागतं.

चालत चालत स्तूपाच्या मागे जा. तिथले सात खांब अगदी साधे आहेत. घट नाही, कमळ नाही, हत्ती नाहीत. नुसते आठ पैलू. व्यवहारी उत्तर असं, की मागे कुणाचं लक्ष जात नाही, म्हणून खर्च वाचवला. दुसरं उत्तर असं, की तिथे पोचल्यावर तुमच्या आणि उजेडाच्या मधे फक्त स्तूप उरतो, तेव्हा अलंकाराची गरज संपलेली असते. मी दोन्ही उत्तरं जवळ ठेवतो. फौजेत शिकलो आहे की चांगल्या योजनेत काटकसर आणि हेतू बहुतेक वेळा एकाच बाजूला असतात.

खांबांवरची नावं

आता पैशाचा प्रश्न. एवढं मोठं काम, तेव्हा कुणीतरी सम्राट असणार, असं आपण धरून चालतो. पण खांबांवरची ब्राह्मी अक्षरं वेगळं सांगतात. एक खांब याचा, एक त्याचा. धेनुकाकट नावाच्या गावचे पुष्कळ दाते आहेत, आणि त्यांत कितीतरी यवन, म्हणजे ग्रीक किंवा त्या पश्चिमेकडचे लोक. पण नाव पाहावं तर सिंहध्वज! परदेशातून आलेला माणूस इथलं नाव घेऊन इथल्या डोंगरात खांब उभा करतो आहे. दर्शनी भागाच्या कामासाठी दान देणारा सिंहदत्त हा गंधिक, म्हणजे अत्तर-सुगंधाचा व्यापारी. दरवाजा घडवणारा वेणुवासाचा मुलगा सामी हा वाढकी, सुतार. त्याचंही नाव तिथे कोरलेलं आहे. आपल्या किती पुलांवर सुतार-गवंड्यांची नावं असतात?

एका खांबावर सोपाऱ्याच्या सातिमित्र नावाच्या भाणकाचं, म्हणजे धर्मवचनं मुखोद्गत म्हणणाऱ्याचं नाव आहे. त्याने दिलेला खांब ‘सशरीर’ आहे, म्हणजे अस्थिधातू असलेला. त्यावरच्या कमळाच्या मध्यभागी एक खोबण आहे. तीत पवित्र अवशेष ठेवला होता. म्हणजे पूजेची जागा स्तूपापुरती राहिली नाही. ओळीतला एक खांबही चैत्य झाला.

आणि आता ते बंगळूरचं उत्तर. ओसरीत एक लेख आहे. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या शेठाने, सावकाराने, हे शैलघर पुरं केलं, आणि ते जंबुद्वीपात उत्तम आहे, असं तो सांगतो. वैजयंती म्हणजे बनवासी, असं बहुतेक अभ्यासक मानतात. उत्तर कन्नड जिल्हा, शिरसी तालुका, वरदा नदीचा काठ. इथून जेमतेम चारशे किलोमीटर. माझे कन्नड शेजारी मला चेष्टेने ‘तुमचं कार्ले’ म्हणतात, तेव्हा मी त्यांना सांगतो, “अहो, काम अर्धवट राहिलं असतं. शेवटचं बिल तुमच्या गावच्या शेठाने चुकतं केलं.” आपण आज ज्या सीमांवरून हमरीतुमरीवर येतो, त्या भूतपालाच्या स्वप्नातही नव्हत्या.

त्याचा शब्दही मला फार आवडतो. ‘आरंभलं’ नाही, ‘पुरं केलं’. कोनशिला बसवायला सगळेच पुढे असतात. काम शेवटाला नेणारा माणूस किती मोलाचा असतो, हे ज्याने कधी प्रकल्प चालवला आहे त्याला विचारा.

जिंकलेल्यांचा हुकूम

शेवटचा मुद्दा सैनिकाचा आहे. हे चैत्यगृह साधारण इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं, फार तर दुसऱ्याच्या सुरुवातीचं. तो काळ शांततेचा नव्हता. क्षहरात क्षत्रप नहपान आणि सातवाहन यांच्यात याच घाटांसाठी आणि बंदरांसाठी झुंज चालली होती. नहपानाचा जावई उषवदात याचा लेख कार्ल्यात आहे. वलुरकच्या लेण्यांत राहणाऱ्या, चारी दिशांकडून येणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी त्याने करजिक नावाचं गाव दिलं.

मग पारडं फिरलं. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा बीमोड केला. किती पुरता, ते १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभीला सापडलेल्या साठ्यावरून कळतं. नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला. शत्रूच्या चेहऱ्यावर आपला शिक्का. विजय म्हणजे काय, ते त्यात दिसतं.

पण त्याच गौतमीपुत्राचा नाशिकच्या पांडवलेण्यातला हुकूम वाचा. तो विजयी सैन्याच्या तळावरून निघालेला आहे. उषवदाताच्या ताब्यात असलेलं शेत तो भिक्षूंना देतो. आणि इथे कार्ल्यातही सातवाहनांचा हुकूम आहे : करजक गाव वलुरकच्या भिक्षूंना. तेच गाव, शत्रूने दिलेलं. सोबत सवलती : या जमिनीत कुणी राजपुरुषाने शिरू नये, हात लावू नये, मिठासाठी खणू नये.

मी तळावर राहिलेला माणूस आहे. तळ पडला की पहिली नजर जाते पाण्यावर, धान्यावर आणि छपरावर. जिंकलेल्या मुलुखात शत्रूच्या दानाचं गाव म्हणजे आयती रसद. ते घ्यायला कुणी अडवणार नव्हतं. आणि तिथे ‘शिरू नये’ असा हुकूम निघतो, दगडात कोरला जातो. नाण्यांवरचा चेहरा पुसला, दानाला धक्का लावला नाही. बाराशे ट्रक दगड काढणं हे बळाचं आणि कौशल्याचं काम आहे, मी ते समजू शकतो. पण हात आखडता घेणं हे त्याहून अवघड, आणि कार्ले आज उभं आहे त्यात त्याचाही वाटा आहे.

तुम्ही गेलात तर यात्रेचे दिवस टाळा आणि दुपार उतरताना जा, तेव्हा गवाक्षातून ऊन आत येतं. खांबांना हात लावू नका, नावं मात्र शोधा. ब्राह्मी वाचता आली नाही तरी चालेल. अक्षरं कुठे आहेत ते पाहा. सशरीर खांबावरची खोबण शोधा. मग स्तूपाच्या मागे, त्या सात साध्या खांबांपाशी, दोन मिनिटं गप्प उभे राहा. आणि बाहेर पडताना ओसरीत भूतपालाच्या नावाने एक नमस्कार करा. आपल्या कर्नाटकातला माणूस आहे तो.

जय हिंद.